डासासारखा दिसतो, पण चावत नाही

राळेगणसिद्धी म्हटले की अडवलेले पाणी आठवते. पारनेर तालुक्यातील या गावाने १९७५ नंतर नालाबंडिंग व पाझर तलावांच्या साहाय्याने शिवारातले पाणी शिवारातच मुरवले. आज गावोगावी बंधारे आणि शेततळी दिसतात. पाणी थांबले की त्यात राहणारे जीवही येतात. त्यांपैकीच एक लहानसा कीटक तिन्हीसांजेला पाण्याकाठी व दिव्याभोवती थव्याने घोंगावतो. ‘डास झाले’ म्हणून घरची माणसे धास्तावतात आणि कोणीतरी फवारणीचे औषध तळ्यात ओतायला निघतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, तसे करण्यापूर्वी कीटक ओळखा.

या कीटकांच्या कुळाला शास्त्रात कायरोनोमिडी म्हणतात.

ओळखायचा कसा?

डासाला लांब सोंड असते. याला ती नसते, म्हणून हा चावत नाही. बसताना हा बहुधा पुढचे दोन पाय उचलून धरतो. नराच्या मिशा पिसासारख्या असतात; पण नर डासाच्याही तशाच असतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये.

अळ्यांवरून फरक लवकर कळतो. डासाच्या अळ्या श्वासासाठी पाण्याच्या वरच्या थराशी येतात. याच्या अळ्या तळाच्या गाळात नळीसारखे घर करून राहतात. अनेक जातींच्या अळ्या तांबड्या असतात. आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन त्यांच्यात असल्याने कमी प्राणवायूच्या गाळातही त्या तगतात. कुजका पालापाचोळा व शेवाळ हे त्यांचे अन्न, आणि त्या स्वतः माशांचे अन्न.

जात कोण ठरवतो?

जगात या कुळाच्या पाच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. नुसत्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. जात ठरवण्यासाठी पंख, मिशा, पाय आणि नराच्या शरीराचे मागचे टोक काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी ताडतात. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नमुन्यांवर कीफर या धर्मगुरू असलेल्या कीटकशास्त्रज्ञाने १९११ मध्ये लेख प्रसिद्ध केला. तरी काम संपलेले नाही. पुणे विद्यापीठात ज्या ‘कायरोनोमस रामोसस’ जातीवर संशोधन झाले, तिला नाव मिळाले ते १९९२ मध्ये. चौधुरी, दास व सब्लेट यांनी ते दिले.

नमुन्याइतकीच त्याच्या चिठ्ठीला किंमत असते. गाव, तारीख आणि पाण्याची जागा लिहिलेली नसेल, तर नमुना फारसा कामाचा राहत नाही.

आपण काय करावे?

तळ्यात विषारी औषध टाकू नये. मासे मरतात आणि तेच पाणी गुरे पितात. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात, आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात, तळाचा गाळ काढावा.

कीटक चावत नाही म्हणून ते पाणी तसेच पिऊ नये. याच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर पटकीचे जंतू आढळल्याचे इस्रायलमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. पिण्याचे पाणी उकळावे किंवा शुद्ध करून घ्यावे.

शंका आल्यास चार-पाच कीटक स्पिरिटच्या बाटलीत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका, शाई विरघळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे, तेथे विचारावे. आधी ओळख, मग औषध, हाच नियम पिकावरील किडीलाही लागू आहे.