कुलूप उघडणारा तिसरा माणूस

मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरणाचे जे कारखाने आहेत, तसल्या कारखान्यांत सगळीच कुलपं चोरासाठी नसतात. दुरुस्तीला काढलेल्या पाइपचा व्हॉल्व्ह कुणी चुकून उघडू नये म्हणून कामगार त्यावर आपापलं कुलूप अडकवतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. गंमत अशी, की जगभरचे कुलूपशौकीन सुरक्षा-पिनांवर हात बसवतात तो बऱ्याचदा याच जातीच्या रंगीत ॲल्युमिनियमच्या कुलपांवर. अमेरिकन लॉक या कंपनीचं 1100 हे त्यातलं ठरलेलं. साध्या पिन-कुलपात दोन तुकड्यांच्या पिना स्प्रिंगने दाबलेल्या असतात. योग्य किल्लीने सगळे सांधे एका रेषेत आले, की गाभा फिरतो. उघडणारा गाभ्यावर हलका ताण ठेवून एकेक पिन आकड्याने उचलतो. सुरक्षा-पिनेची कंबर रिळासारखी बारीक केलेली असते किंवा तिला खाचा पाडलेल्या असतात. ती मध्येच अडकते, गाभा किंचित फिरतो आणि कुलूप उघडलंच असं वाटतं. जोर वाढवला तर ती आणखी घट्ट धरते. पिन हळूच रेटली, की गाभा उलटा सरकू पाहतो. त्याला तेवढंच सरकू द्यायचं. हात जास्त सैल पडला तर आधी बसवलेल्या पिनाही खाली येतात.

असले सापळे कारखानदारांना सुचले, ते कुणीतरी कुलपं उघडून दाखवली म्हणून. 1851च्या लंडन प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने चब या कारखानदाराचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं. ब्रामा या दुसऱ्या कारखानदाराच्या कुलपावर त्याच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं 200 गिनींचं आव्हान लागलेलं होतं. तेही त्याने 16 दिवसांत, 50हून जास्त तास खपून उघडलं. ओरड झाली, पण कारखानदारांना कुलपं सुधारावी लागली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलपं करायला घेतली. पुढे कारखाना विक्रोळीला गेला. त्या कारखान्याचं घरोघरी पोचलेलं नवताल कुलूप लिव्हरचं, म्हणजे रचनाच वेगळी. पण लिव्हरलाही खोट्या खाचा पाडून हाच चकवा देता येतो. मुंबईच्या गोदीतल्या 1944च्या स्फोटानंतर गोदरेजच्या तिजोऱ्या आगीतून शाबूत निघाल्याचं सांगतात. आपला भरवसा असा आगीतून आणि नावातून आला. भर चौकात कुलूप ठेवून ‘या, उघडा’ म्हणण्याची रीत इथे रुजली नाही, आणि माझ्या मते गिऱ्हाइकाचं नुकसान तिथेच झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही विद्या शिकवली तर चोरांचं फावेल. घरफोडीची बातमी काढून बघा. कडीकोयंडा उचकटलेला असतो, कुलूप तोडलेलं असतं. ज्याच्या हाती कटावणी आहे, तो रिळाच्या पिनेशी कशाला झटेल? याच आक्षेपाला हॉब्जच्या बाजूने 1853 सालच्या कुलपांवरच्या इंग्रजी पुस्तकात उत्तर दिलं होतं: चोराला ठाऊक असतंच, अंधारात असतो तो विकत घेणारा. कायदाही भाबडा नाही. 1860च्या दंडसंहितेने घरफोडीच्या सहा प्रकारांत कुलूप उघडून शिरणं धरलं होतं, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 122व्या कलमाखाली सबळ कारणाशिवाय रात्री घरफोडीची हत्यारं बाळगणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे शौकिनाने सामान घरी ठेवलेलंच बरं. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. बनावट चावीने होणाऱ्या चोऱ्या असतात, आणि सुरक्षा-पिन नसलेलं स्वस्त कुलूप नवशिक्यालाही दाद देतं. पण म्हणून गप्प बसलं, तर ते कुलूप मजबूत होत नाही. फक्त विकलं जात राहतं. 1997 साली जर्मनीत शौकिनांची संघटना उभी राहिली. अशा मंडळांत दोन नियम पाळतात: कुलूप स्वतःचं हवं, आणि ते वापरात असता कामा नये. चोराला हे दोन्ही परवडणारे नाहीत. आपल्या बाजारात खोक्यावर लिव्हर किती ते ठळक छापतात. पिना कुठल्या जातीच्या, हे बहुधा दुकानदारालाही सांगता येत नाही.