ल्वारकाठची ला शारिते

फ्रान्समधील सर्वांत लांब नदी ल्वार. देशाच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखात उगम पावून ती प्रथम उत्तरेकडे वाहते, आणि ओर्लेआँ शहराजवळ पश्चिमेस वळून, एकंदर सुमारे एक हजार किलोमीटरांचा प्रवास संपवून अटलांटिक महासागरास मिळते. या उत्तरवाहिनी भागात, नेव्हेर शहराच्या खालच्या अंगास सुमारे २५ किलोमीटरांवर, उजव्या तीराच्या उतारावर पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव ला शारिते. या फ्रेंच शब्दाचा अर्थ दानधर्म. गावांना राजांची नावे मिळतात, साधुसंतांची मिळतात. परंतु या गावास तेथील मठातून वाढल्या जाणाऱ्या अन्नाचे नाव मिळाले आहे. मठवासी दारी आलेल्या गरिबास आणि वाटसरूस विन्मुख पाठवीत नसत. ‘त्या सत्पुरुषांच्या दानधर्माकडे’ जावयाचे, असे लोक म्हणू लागले आणि तेच पुढे गावाचे नाव झाले.

हे वाटसरू येथे यावयाचे, याचे कारण नदी. ल्वार ही भरवशाची नदी नव्हे. उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूच्या बेटांनी भरून जाते व पाण्याची धार त्यांतून वाट काढीत सरकते. उलट १८४६, १८५६ आणि १८६६ या साली तिने आणलेल्या महापुरांची आठवण तिच्या काठची गावे अद्यापि काढतात. अशा लहरी नदीवर पूल बांधावयाचा, तर जागा निवडूनच बांधावा लागतो. ला शारितेपाशी पात्राच्या मध्यभागी एक मोठे बेट आहे. त्यामुळे एका लांब पुलाऐवजी दोन आखूड पुलांनी काम भागते. गावाकडील प्रवाहावरील सोळाव्या शतकातील दगडी पूल आजही उभा असून त्यावरून रहदारी चालते. पूर्वी एका तीरावर निव्हेर्ने प्रांत व दुसऱ्या तीरावर बेरी प्रांत असल्यामुळे हा पूल म्हणजे दोन मुलुखांमधील दरवाजाच होता. स्पेनमधील सांतियागो येथील संत जेम्सच्या समाधीकडे पायी निघालेले यात्रेकरू व्हेझले गावाहून येऊन येथेच नदी ओलांडीत. मालाची वाहतूक सपाट तळाच्या होड्यांतून चाले. खाली येताना प्रवाहाबरोबर आणि वर जाताना शिडात वारा भरून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आली आणि ही नौकानयनाची विद्या पाहता पाहता लयास गेली.

मठाची स्थापना १०५९ सालची. बर्गंडीतील क्ल्युनी येथील मठ त्या काळी पश्चिम युरोपातील शेकडो मठांचा शास्ता होता. त्याच्या शाखांपैकी पाच प्रमुख शाखांना ‘कन्या’ ही पदवी असे, आणि ला शारिते ही त्यांतील ज्येष्ठ कन्या. या कन्येलाही पुढे स्वतःची लेकरे झाली. लंडननजीकचा बर्मंड्सी आणि श्रॉपशरमधील वेनलॉक हे इंग्लंडमधील मठ येथूनच निघालेल्या संन्याशांनी चालविले. मठाच्या चर्चची वास्तुशांती ११०७ साली खुद्द पोप दुसरे पास्कल यांच्या हस्ते झाली. त्या प्रसंगी सँ-देनी मठातील स्यूजे नावाचा एक तरुण संन्यासी उपस्थित होता. त्याने पोपसमोर उभे राहून आपल्या मठाची बाजू पॅरिसच्या बिशपाविरुद्ध मांडली. पुढे सँ-देनीचे चर्च नव्याने उभारून गॉथिक वास्तुशैलीचा पाया घातला, तोच हा स्यूजे.

ला शारितेचे चर्च पुरे झाले तेव्हा त्याची लांबी सुमारे १२२ मीटर होती. क्ल्युनीखालोखाल त्याची गणना होई. वेदीमागील भागातील पाकळीदार कमानी पाहिल्या म्हणजे पाहणाऱ्यास स्पेनमधील अरबी इमारतींची आठवण होते. क्ल्युनीचे मूळ चर्च राज्यक्रांतीनंतर दगडांसाठी पाडून विकले गेले व आज त्याचा एक लहानसा भागच शिल्लक आहे. त्यामुळे त्या हरवलेल्या आईचा चेहरामोहरा कसा असेल, हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने या मुलीकडे पाहावे, असे म्हणावयास हरकत नाही.

जेथे पूल असतो तेथे सैन्येही येतात. शंभर वर्षांच्या युद्धात पेरिने ग्रेसार नावाच्या भाडोत्री सरदाराने १४२३ साली गाव घेतले आणि बर्गंडी व इंग्लंड यांच्या वतीने ते दाबून धरले. १४२९ च्या नोव्हेंबरात जोन ऑफ आर्क गावासमोर येऊन ठाकली. ओर्लेआँ सोडविणारी, राजास अभिषेक करविणारी ही मुलगी येथे मात्र अपयशी ठरली. ऐन हिवाळा, दरबाराकडून पैसा नाही, पुरेसा शिधा नाही. सुमारे महिनाभराने तिला तोफा मागे टाकून वेढा उठवावा लागला. १४३१ च्या खटल्यातही या अपयशाविषयी तिला छेडून विचारण्यात आले. ग्रेसारला मात्र काळ अनुकूल झाला. १४३५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक राजास मिळाला, तेव्हा ग्रेसारही राजाकडे वळला आणि त्याच गावाचा अंमलदार म्हणून कायम राहिला. इतिहासाचा न्याय असा विचित्र असतो. पुढील शतकातील धर्मयुद्धांत १५७० च्या तहान्वये प्रॉटेस्टंटांना दोन वर्षांसाठी जी चार संरक्षक ठाणी मिळाली, त्यांत ला रोशेल, कोन्याक व मोंतोबाँ यांच्या जोडीला ला शारितेचे नाव आहे. एवढ्याशा गावाचे महत्त्व त्यावरून ध्यानात यावे.

परंतु गावाचे आजचे रूप घडविले ते १५५९ च्या आगीने. आग गावात लागली आणि चर्चपर्यंत पोहोचली. पुन्हा पूर्ववत बांधावयास मठाजवळ द्रव्य उरले नाही. मधल्या लांब मंडपाचा वेदीकडचा भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस कसाबसा उभा करण्यात आला. पश्चिमेकडचे खण उघडेच राहिले. मग जे व्हावयाचे तेच झाले. छप्पर नसलेला मंडप गावाचा चौक बनला. बाजूच्या अरुंद मंडपाच्या कमानींत भिंती घालून लोकांनी घरे केली, खिडक्या पाडल्या, धुराडी काढली. दर्शनी भागाचा सँत-क्र्वा हा मनोरा चर्चपासून तुटून एकटा पडला. आज त्या चौकात उभे राहिले म्हणजे एका बाजूस मनोरा, दुसऱ्या बाजूस चर्चचे आजचे दार, आणि मधल्या मोकळ्या जागेच्या कडेने घरांच्या भिंतींतून डोकावणाऱ्या बाराव्या शतकातील कमानी दिसतात. एके काळी चर्चच्या आश्रयाने गाव वसले. नंतर ते चर्चच्या पोटातच राहावयास गेले.

राज्यक्रांतीत मठ बरखास्त होऊन त्याच्या इमारती विकल्या गेल्या. त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, उरलेल्या चर्चमधूनच राजमार्ग काढण्याचा बेत निघाला. रस्ता आखणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी गैर होते असे नाही. अरुंद गल्ल्यांत गाड्या अडत होत्या, आणि समोर होते ते अर्धे पडके चर्च. या वेळी ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक म्हणून प्रोस्पेर मेरिमे यांची नेमणूक झालेली होती. ‘कार्मेन’ या कथेचे लेखक म्हणून वाचकांस ते अधिक परिचित असतील. १८३४ पासून ते प्रांतोप्रांती हिंडून पडझड झालेल्या इमारतींची टिपणे घेत होते. अर्धी वास्तू उरली असेल तर तेवढी तरी राखावी, हा विचार तेव्हा नवा होता. मेरिमे यांनी सरकारदरबारी खटपट करून रस्त्याचा बेत मोडून काढला आणि १८४० च्या संरक्षित वास्तूंच्या पहिल्या यादीत या चर्चचा समावेश झाला. मनोऱ्याच्या दोन दारांवरील अर्धवर्तुळाकार शिल्पपटांपैकी येशूच्या दिव्यरूपदर्शनाचा पट १८३५ सालीच काढून चर्चच्या आत दक्षिण बाहूच्या भिंतीत बसविलेला आहे. दुसरा ऊनपाऊस सोशीत जागीच राहिला आहे.

विसाव्या शतकात या गावाने जगाचे लक्ष एकदाच वेधले. जून १९४० मध्ये फ्रेंच सेनापतींची गुप्त कागदपत्रे दक्षिणेकडे नेणारी आगगाडी येथील स्टेशनात अडकली आणि जर्मन सैनिकांच्या हाती लागली. त्यांतील निवडक कागद बर्लिनच्या सरकारने त्याच वर्षी प्रचारासाठी छापून प्रसिद्ध केले.

अलीकडच्या काळात गावाने निराळाच व्यवसाय धरला आहे. १९९८ साली सांतियागोच्या मार्गावरील वास्तूंबरोबर येथील चर्च जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि २००० पासून गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. जुन्या ग्रंथांचे विक्रेते आणि पुस्तकबांधणी करणारे कारागीर यांनी जुन्या गल्ल्यांतील दुकाने घेतली आहेत. मठाच्या बागेत १९७५ पासून झालेल्या उत्खननात संत लॉरेन्सच्या नावाच्या दुसऱ्या एका चर्चचा पाया उघडा पडला आहे, आणि मठाच्या इमारतींची दुरुस्ती गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर झाली आहे. गावाच्या खालच्या अंगास नदीचा सुमारे वीस किलोमीटरांचा पट्टा १९९५ पासून राखीव आहे. तेथे वाळू उपसण्यास मनाई असून ल्वार तिच्या जुन्या सवयीप्रमाणे दरवर्षी बेटे मोडते, नवी घडविते. आणि उन्हाळा लागला की सुरय पक्षी त्या उघड्या वाळूवर अंडी घालावयास येतात.