लायसन्सचे निलंबन आणि राज्याची हद्द

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या 13 व्या कलमानुसार कोणत्याही आरटीओने दिलेले लायसन्स संपूर्ण भारतात चालते. याच अधिनियमाच्या 23 व्या कलमानुसार ज्याला वाहन चालवण्यास अपात्र ठरवले आहे, त्याचे लायसन्स त्या मुदतीपुरते निष्प्रभ होते आणि त्याला दुसरे लायसन्स काढताही येत नाही. लोक ज्याला ‘लायसन्स सस्पेंड झाले’ म्हणतात, ते कायद्याच्या दृष्टीने माणसावर आलेले बंधन असते. तो माणूस कोणत्या राज्यात गाडी चालवतो, यावर ते अवलंबून नसते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात हा प्रश्न रोजचा आहे. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. कापूस, केळी, मजूर आणि लग्नाची वऱ्हाडे यांच्यासाठी एमएच 28 च्या गाड्या तिकडे जातात आणि एमपी 68 च्या इकडे येतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हे दोन्ही मुलूख मध्य प्रदेश याच राज्यात होते. राज्यांची हद्द पुढे बदलली, पण लायसन्सचा कायदा 1939 च्या अधिनियमापासून केंद्राचाच राहिला. त्यामुळे बऱ्हाणपूरसाठी वेगळे लायसन्स कधी लागले नाही, आणि बुलढाण्यात लागू झालेली अपात्रता तिथे सुटत नाही.

जळगाव जामोदचा एखादा पिकअपचालक बऱ्हाणपूरजवळ दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, तर तिथला पोलीस कलम 206 खाली त्याचे लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवतो. बेदरकार चालवणे, वेगमर्यादा मोडणे, विनाहेल्मेट दुचाकी चालवणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे या गुन्ह्यांतही अशीच जप्ती होते. जप्तीची पावती मिळते, पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. इथे बरेच चालक फसतात. मात्र पोलिसाला लायसन्स फक्त जप्त करता येते. अपात्र ठरवण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा आहे. कोलकाता उच्च न्यायालयाने 2022 मध्ये हा फरक स्पष्ट केला. व्यवहारात असा प्रस्ताव बहुधा लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे या चालकाच्या बाबतीत बुलढाण्याला, जातो. चालकाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. त्यानंतर पहिल्या गुन्ह्याला 3 महिने अपात्रता येऊ शकते आणि पुन्हा गुन्हा केल्यास लायसन्स रद्दही होते. दुसऱ्याच प्राधिकाऱ्याने ते रद्द केले, तर मूळ कार्यालयाला कळवण्याचे बंधन 19 व्या कलमात आहे.

मालवाहू गाडीत माणसे भरण्याकडे गावाकडे गुन्हा म्हणून पाहिले जात नाही, आणि हे फार घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच या गुन्ह्यासाठी किमान 3 महिने लायसन्स निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. मजुरांनी भरलेला पिकअप घाटात उलटला, तर किती जीव जातात हे पाहता ही शिक्षा कडक म्हणता येत नाही.

कायदा पूर्वीपासून देशभर एकच होता, उणीव होती ती माहितीची. लायसन्स कागदी पुस्तकाच्या रूपात असताना एका राज्यात लायसन्सवर मारलेला शेरा दुसऱ्या राज्यात कळायला पत्रव्यवहाराशिवाय मार्ग नसे. एकाला दोन लायसन्स ठेवायला सहाव्या कलमाने मनाई आहे, तरी एक जप्त झाले की दुसरे काढून दाखवणारे चालक होते. नव्या किंवा दुय्यम प्रतीवर जुना शेरा उतरवण्याची 25 व्या कलमातली तरतूदही शेरा माहीत असेल तरच उपयोगी पडे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘सारथी’ प्रणालीने ही फट बरीच बुजवली. 2019 च्या दुरुस्तीने लायसन्सच्या राष्ट्रीय नोंदवहीलाही कायद्यात स्थान दिले. तेलंगणाने मात्र बराच काळ वेगळी संगणक प्रणाली वापरली. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या सीमेवर ही बाब महत्त्वाची होती.

अमेरिकेत मुळातच उलटी स्थिती आहे. तिथे लायसन्सचा कायदा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असल्याने 1960 च्या दशकात राज्यांना आपसात करार करावा लागला. बहुतेक राज्ये त्यात आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाहतुकीचा नियम मोडला, तर त्याचे दंडाचे गुण न्यू जर्सीतल्या नोंदीवर चढतात. निलंबित चालकांची राष्ट्रीय नोंदवही नवे लायसन्स देण्यापूर्वी तपासली जाते.

भारतात अपात्र असताना गाडी चालवली, तर कलम 182 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी सोपवणाऱ्या मालकावर कलम 180 खाली वेगळी कारवाई होते. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. चालक अपात्र होता या मुद्द्यावर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते, आणि अपघातग्रस्ताला दिलेली रक्कम पुढे मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. काळीपिवळी किंवा पिकअप दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने म्हणूनच लायसन्सची सद्यस्थिती सारथीवर पाहून घ्यावी. हातातले कार्ड निलंबनाबद्दल काहीच सांगत नाही.

प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. अपील प्रलंबित असले तरी स्थगिती मिळेपर्यंत आदेश लागू राहतो. जमा केलेले लायसन्स परत मिळण्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अटही 2019 च्या दुरुस्तीत आहे. लायसन्सवरचा शेरा मात्र मुदत संपताच पुसला जात नाही. पुढची 3 वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकाला शेरामुक्त लायसन्स मागता येते. केवळ वेगमर्यादेच्या उल्लंघनाचा शेरा असेल, तर ही मुदत 1 वर्षाची आहे.