ट्रकमधले घर आणि बॅटरीचा हिशेब

वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावच्या रस्त्याने रात्री जाताना ढाब्यापुढे उभे असलेले मालट्रक तुम्ही पाहिले असतील. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. लांबचा पल्ला गाठणाऱ्या चालकाचे घर म्हणजे त्याची केबिन! झोपताना त्याला पंखा हवा, पहाटे चहासाठी गरम पाणी हवे. मग इंजिन बंद असताना वीज येते कोठून?

ती येते बॅटरीतून. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट दाब मिळवतात. हा प्रवाह दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो. आपली घरगुती उपकरणे मात्र २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. हा बदल घडवून आणतो इन्व्हर्टर.

आता थोडे गणित करू. १००० वॉटच्या किटलीला घरी सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह लागतो. तीच किटली २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली, तर १००० भागिले २४, म्हणजे जवळजवळ ४२ अँपिअर! इन्व्हर्टरमधील तूट धरली तर आणखी जास्त. प्रवाह दहापट झाला, की त्याच तारेत उष्णता शंभरपट निर्माण होते. म्हणूनच बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा जाड हव्यात आणि मध्ये फ्यूज हवाच. बारीक तारेने आग लागू शकते.

पण किटली सहा मिनिटेच चालते. तिला ऊर्जा लागते फक्त १०० वॉट-तास. २० वॉटचा पंखा आठ तास चालला, तर १६० वॉट-तास. म्हणजे गरीब दिसणारा पंखाच जास्त खातो! आणि ८०० वॉटचे वातानुकूलन यंत्र आठ तास सतत चालले, तर ६४०० वॉट-तास.

आपली बॅटरी १२० अँपिअर-तासांची आहे, असे समजा. तिच्यात २४ गुणिले १२०, म्हणजे २८८० वॉट-तास ऊर्जा मावते. पंखा व किटली सहज भागतील. वातानुकूलन यंत्र मात्र रात्र संपण्याच्या कितीतरी आधीच तिला रिकामी करील. मग पहाटे चावी फिरवली तरी इंजिन सुरू होणार नाही, कारण स्टार्टरला काही सेकंद का होईना, शेकडो अँपिअर लागतात. माल गाडीत आणि गाडी जागच्या जागी!

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पण ते सामान्यतः इंजिनाच्या बळावर चालते. त्यासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवले, तर डिझेल जळते आणि विषारी धूर केबिनमध्ये शिरण्याचा धोकाही असतो. त्यापेक्षा घरगुती उपकरणांसाठी वेगळी बॅटरी ठेवणे बरे. ट्रक धावताना ती भरते आणि स्टार्टरच्या बॅटरीला रात्री कोणी हात लावत नाही.

तुमच्या घरातील उपकरणांवर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला तासांनी गुणा आणि सांगा पाहू, यांपैकी कोणकोणती या ट्रकमध्ये चालतील?