दवाखाना सुटल्यावर

भोसरी-आकुर्डीच्या कारखान्यांत नाटकवेड्यांना तोटा नाही. कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा जवळ आली की शिफ्टची अदलाबदल सुरू होते, तालमीसाठी कुणाच्या तरी सोसायटीचा हॉल गाठला जातो आणि ‘नोकरी आडवी आली, नाहीतर आपणही...’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. असं म्हणणाऱ्याने डॉ. श्रीराम लागूंच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध जरूर चाळावा. उत्तरार्ध सगळ्यांना पाठ आहे.

लागूंचा जन्म साताऱ्याचा, 16 नोव्हेंबर 1927 चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले, पुढे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. नाटकाचं खूळ कॉलेजातच डोक्यात शिरलेलं. भालबा केळकर आणि मित्रमंडळींच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुणेकरांच्या पीडीएमध्ये, ते सुरुवातीपासून होते. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ पीडीएने 1957 मध्ये केलं, त्यात मुख्य भूमिका लागूंची. दिवसा रोगी, संध्याकाळी तालीम. त्याच सुमारास पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला होता. घशाच्या डॉक्टरने ते औषध किती वेळा लिहून दिलं असेल, हा आपला उगाच मनात आलेला विचार.

मग उच्च शिक्षणासाठी कॅनडा, इंग्लंड. मग टांझानियातल्या टाबोऱ्यात डॉक्टरकी. या टप्प्यावर नाटक सुटलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. चांगली चालणारी प्रॅक्टिस, परदेशातली मिळकत. पण 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, लागूंनी डॉक्टरकी बाजूला ठेवली आणि कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. लोक याला धाडस म्हणतात. मला त्यात हिशेब जास्त दिसतो. दीड-दोन दशकं हौसेने केलेलं काम एवढं पक्कं झालं होतं की आता त्यावर घर चालवायची जोखीम घेता येईल, हे त्यांना कळलं होतं. घाईघाईत राजीनामा टाकणाऱ्याची ही गोष्ट नव्हे.

पुढचं वर्ष 1970. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली ते हेच वर्ष, आणि 23 डिसेंबरला गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला तेही. कुसुमाग्रजांनी शेक्सपिअरच्या लिअर राजाची गोष्ट एका निवृत्त मराठी नटाच्या घरात आणून वसवली होती. त्रेचाळिशीतल्या लागूंना त्यात म्हातारा, घराबाहेर पडलेला अप्पा बेलवलकर उभा करायचा होता. भूमिकेत खाचखळगे पुष्कळ. अप्पा हा जुन्या वळणाचा, आवाज फिरवणारा, टाळी घेणारा नट. लागू मात्र हौशी रंगभूमीच्या नेमक्या, आटोपशीर अभिनयात वाढलेले. त्यांनी दोन्ही ठेवलं. स्वगतात आवाज मोकळा सोडायचा आणि मुलाच्या दिवाणखान्यात आला की तोच माणूस ओशाळून आक्रसायचा. नंतर अनेकांनी अप्पा केला, काहींनी फार चांगला केला. पण पुष्कळांनी स्वगतंच उचलली, दिवाणखाना विसरले.

‘नटसम्राट’च्या गाजावाजात एक नाटक झाकलं जातं, आणि माझ्या मते लागूंचा पिंड तिथे जास्त दिसतो: विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’. तेही 1970 चंच. दिग्दर्शन लागूंचं, रमाकांतची भूमिकाही त्यांचीच. एकमेकांचे लचके तोडणारं कुटुंब, शिव्या, मारहाण, आणि माणिकचा गर्भपात. तिच्या साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागावर सेन्सॉर अडून बसलं. लागूंनी डाग निळा केला, आणि प्रेक्षकांना आधीच जाहीर करून टाकलं की हा निळा डाग लाल समजावा. नियम पाळला आणि सेन्सॉरची फजितीही केली! शिवाय प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाचं लक्ष नेमकं त्याच डागावर. भांडायची ही त्यांची रीत होती, आरडाओरडा न करता.

सिनेमात ते आले 1972 मध्ये, व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’तले गुरुजी होऊन. पण जब्बार पटेलांचा ‘सामना’ पाहिला की ‘पिंजरा’ फिका वाटतो. समोर निळू फुले, साखरसम्राट हिंदुराव. लागू म्हणजे दारूच्या आहारी गेलेले, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले मास्तर. हिंदुराव त्यांना वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर दारू पितात, पण गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दलचा प्रश्न सोडत नाहीत. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. निळूभाऊंचा आवाज खर्जातला, गोड, लागूंचा अडखळणारा. दोघांपैकी कुणी कुणाचा प्रसंग खाल्ला, हे आजवर मला ठरवता आलेलं नाही. हा सिनेमा 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. जब्बार पटेल हेही मूळचे डॉक्टर, आणि जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडला शंभरावं नाट्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते.

हिंदी सिनेमाने लागूंना बाप, न्यायाधीश, पोलीस अधिकारी करून ठेवलं. ‘घरौंदा’तला मोदी सोडला, त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं, तर बाकीच्यात त्यांच्यातला नट शोधावा लागतो. रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’त ते गोखले झाले. भूमिका छोटी, पण गोखल्यांचा थकवा आणि मवाळ ठामपणा दोन्ही त्यात आहेत.

रंगमंचाबाहेरचे लागू अनेकांना पचले नाहीत. देवाला आता निवृत्त करा, असं त्यांनी लिहिलं आणि गदारोळ झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगावी वाद-संवादाचे कार्यक्रम केले. देव नाही असं लागू सरळ म्हणायचे, दाभोलकर समितीची भूमिका वेगळी मांडायचे, आणि हा मतभेद व्यासपीठावरच चालायचा. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला, तेव्हा पैसे जमवायला मोठमोठे कलाकार एकत्र आले आणि अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ केलं. पिंपरीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे तेच अत्रे. हशा-टाळ्यांचं नाटक, गल्ला चळवळीला.

सत्तरी उलटल्यावर, 1999 मध्ये, लागूंनी मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ स्वीकारलं. दिग्दर्शक अतुल पेठे, वयाने कितीतरी लहान. भूमिका सॉक्रेटिसची. त्या वयात हक्काच्या टाळीसाठी ‘नटसम्राट’ची स्वगतं म्हणत फिरता आलं असतं. त्यांनी नवा लेखक घेतला, नवं पाठांतर घेतलं, आणि देवांना न मानल्याचा ठपका असलेला माणूस रंगमंचावर भरल्या प्रेक्षागृहाशी वाद घालत राहिला.