पाटीवरचे नाव आणि नोंदवहीतील वर्ग
(आरोग्यसेवा देणाऱ्या धर्मादाय संस्थांची ओळख)

आजारपण घरात आले की माणूस दवाखान्याची पाटी वाचत नाही, डॉक्टर कोठे मिळेल एवढेच पाहतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या भागातील अनेक कुटुंबे एका आजारपणात कर्जबाजारी होतात, आणि त्यांतील काहींना ते कर्ज काढण्याची गरजच नव्हती, असे नंतर लक्षात येते. ज्या रुग्णालयात ते गेले ते धर्मादाय होते, तेथे गरिबांसाठी खाटा राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. पण मागणाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्याने सांगितले नाही. म्हणून आरोग्यसेवा देणाऱ्या संस्था किती प्रकारच्या असतात, त्यांची वर्गवारी कशी करतात आणि त्या वर्गवारीचा सामान्य माणसाला काय उपयोग, याची माहिती आपले सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहोत.

नावावरून वर्ग कळत नाही

पहिली गोष्ट ही की, नावावरून काहीही ठरवू नये. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आणि पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय ही दोन्ही एकाच नावाची. मुंबईचे १९२६ साली सुरू झाले व ते महानगरपालिकेचे आहे. पुण्याचे १९१२ सालचे असून ते धर्मादाय संस्थेचे आहे. नाव एक, वर्ग दोन.

आपल्याकडून कर्करोगाचे रुग्ण ज्या टाटा रुग्णालयात जातात, ते टाटा विश्वस्तनिधीने १९४१ साली उभारले. पण १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घेतले व १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे नाव उद्योगपतीचे, जन्म धर्मादाय, आणि कारभार सरकारी.

तिसरे उदाहरण मराठवाड्यातले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ साली सुरू झाले. ते चालविणाऱ्या संस्थेचे नाव मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान असे आहे. रुग्णालयाची पाटी एक आणि नोंदवहीतील संस्था दुसरी, असे बहुतेक ठिकाणी असते. कायद्याचे बंधन असते ते नोंदवहीतील संस्थेवर.

मग वर्ग ओळखायचा कसा? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. संस्था कोठे नोंदली आहे? ती प्रत्यक्ष काम कोणते करते? आणि तिचा पैसा कोठून येतो?

पहिला प्रश्न : नोंदणी कोठे?

बँकेत संस्थेचे खाते उघडताना आम्ही नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, कार्यकारिणीची यादी आणि ठराव ही कागदपत्रे मागतो. या कागदांवरूनच संस्थेचा वर्ग कळतो. आपल्या राज्यात सेवाभावी संस्था साधारणपणे तीन मार्गांनी उभ्या राहतात.

(१) विश्वस्तव्यवस्था म्हणजे ट्रस्ट. हिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. या कायद्याच्या नावात पूर्वी 'मुंबई' हा शब्द होता, आता 'महाराष्ट्र' आहे.

(२) सोसायटी. किमान सात व्यक्तींनी एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ही नोंदवावयाची असते. आपल्या राज्यात अशा संस्थेची नोंद १९५० च्या कायद्याखालीही होते. म्हणूनच संस्थांच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात. त्यांतील 'एफ' अक्षराचा क्रमांक हा सोसायटीचा आणि 'ई' अक्षराचा क्रमांक जातिधर्मनिरपेक्ष, सर्वांसाठी असलेल्या ट्रस्टचा. आधीची काही अक्षरे एकेका धर्माच्या विश्वस्तव्यवस्थांसाठी आहेत. आपल्यासारख्या कल्याणकारी संस्था बहुधा 'एफ' मध्ये असतात.

(३) नफा न वाटणारी कंपनी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली (१९५६ च्या जुन्या कायद्यात हे कलम २५ होते) ती स्थापन होते. हिची नोंद कंपनी निबंधकाकडे असते, म्हणून ती धर्मादाय कार्यालयातही आहे का, हे वेगळे विचारून घ्यावे लागते.

१९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू कोणते ते सांगितले आहे. गरिबी वा संकट यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयोगाची इतर कामे हे त्यांतील मुख्य होत. १९६१ च्या आयकर कायद्यानेही वैद्यकीय साहाय्याला स्वतंत्र नाव देऊन जागा दिली होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "तिथे तर पैसे घेतात, मग ते धर्मादाय कसले?" असे लोक विचारतात. फी घेतल्याने संस्थेचे धर्मादायपण जात नाही. शिल्लक राहिलेली रक्कम विश्वस्तांनी वा सभासदांनी आपसांत वाटून घेतली तर ते जाते. शिल्लक पुन्हा त्याच कामात घातली पाहिजे, हा मूळ नियम. त्या बदल्यात संस्थेला करात सूट मिळते आणि देणगीदारालाही सवलत मिळू शकते. जुन्या कायद्यातील '८०-जी' या नावाने ती सर्वांना परिचित आहे. ही सूट म्हणजे एका अर्थी जनतेचाच पैसा असतो. पुढे ज्या खाटांविषयी लिहिले आहे, त्यांचे मूळ येथे आहे.

दुसरा प्रश्न : काम कोणते?

अशा संस्थांची कामावरून वर्गवारी जगभर केली जाते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात नफा न कमावणाऱ्या संस्थांची एक वर्गवारी तयार केली. तिच्यात बारा गट असून तिसरा गट आरोग्याचा आहे. त्याचे चार पोटगट असे : रुग्णालये व पुनर्वसन, दीर्घ शुश्रूषेची गृहे, मानसिक आरोग्य, आणि इतर आरोग्यसेवा (आरोग्यशिक्षण, बाह्यरुग्ण उपचार, तातडीची सेवा इत्यादी). ही वर्गवारी मोठ्या देशांच्या हिशेबासाठी ठीक आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र महाराष्ट्रातील उदाहरणांवरून ती अशी लक्षात ठेवावी.

(क) सर्वसाधारण रुग्णालये. लातूरचे विवेकानंद रुग्णालय (१९६६) आणि आपल्या जिल्ह्यातील किनवटचे साने गुरुजी रुग्णालय ही या गटातील.

(ख) एकाच रोगासाठी वा एकाच अवयवासाठी असलेल्या संस्था. उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय हे डोळ्यांसाठी. बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये सुरू केलेले आनंदवन हे कुष्ठरुग्णांसाठी. आनंदवनात उपचारासोबत शेती, उद्योग व निवारा यांचीही सोय झाली, म्हणून ते पुनर्वसनाच्या गटातही बसते.

(ग) गावपातळीवरील आरोग्यकार्य. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले गेले. त्यांत निरक्षर स्त्रिया होत्या, दलित स्त्रियाही होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्या हाती गावाने बाळंतपण सोपविले, ही गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. धाराशिव जिल्ह्यातील अणदूरचे हॅलो मेडिकल फाउंडेशन याच वाटेचे.

(घ) संशोधन. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत (१९८६) डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत तपासून पाहिली. बालमृत्यू कसे घटले याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपचार मोजक्या गावांत झाला, पण त्याचा उपयोग देशाला झाला.

(ङ) साहाय्यक सेवा. रक्तपेढी, रुग्णवाहिका, औषधपेढी, आरोग्य शिबिर, नातेवाइकांची राहण्याची सोय ही कामे यात येतात. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. तेथे उपचार होत नाहीत, पण त्या आसऱ्यावाचून खेड्यातल्या माणसाला महिनोन् महिने उपचार घेणे जमणार नाही.

तिसरा प्रश्न : पैसा कोठून, आणि रुग्णाचा हक्क कोणता?

काही संस्था देणग्यांवर चालतात, काही सरकारी अनुदानावर, काही रुग्णांच्या फीवर, आणि बहुतेक या तिन्हींवर. फी घेणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांसाठी १९५० च्या कायद्यात कलम ४१-अअ आहे. ज्या धर्मादाय रुग्णालयाचा, प्रसूतिगृहाचा वा दवाखान्याचा वार्षिक खर्च पाच लाख रुपयांहून अधिक आहे, त्याला ते लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली याची सविस्तर योजना घालून दिली. तिचा सारांश असा :

(१) एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. १०० खाटांच्या रुग्णालयात १० आणि १०.

(२) रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची. महिन्याची बिले ५० लाखांची असतील तर निधीत १ लाख. निर्धन रुग्णाची औषधे व साहित्य यांचा खर्च या निधीतून भागवावयाचा.

(३) दुर्बल घटकातील रुग्णाला सवलतीचा दर. औषधे व साहित्याचा किमान निम्मा भार त्याने उचलावयाचा.

(४) तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून जीव वाचविणारे उपचार करावयाचे.

उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली. ती निर्धन रुग्णासाठी वर्षाला १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये इथपर्यंत आली. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील पत्रिका हा पुरावा चालतो.

हे बंधन आणि सरकारी विमा योजना यांची गल्लत करू नये. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. तिच्यात ठरावीक आजारांचा खर्च योजनेतून दिला जातो आणि खाजगी रुग्णालयेही त्यात येतात. खाटा राखण्याचे बंधन मात्र धर्मादाय रुग्णालयावरच आहे, आणि त्याचा भार त्या रुग्णालयाने उचलायचा असतो.

हे सर्व लिहिण्याचे कारण एकच. आमच्या काउंटरवर मुदतीपूर्वी ठेव मोडायला माणसे येतात. कारण विचारले तर दहांतल्या कितीतरी वेळा उत्तर 'दवाखाना' हेच असते. एका सालगड्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव अशीच मोडली. शस्त्रक्रिया मोठ्या शहरातील एका ट्रस्टच्या रुग्णालयात व्हावयाची होती, घरात पिवळी शिधापत्रिका होती, तरी निर्धन खाटेबद्दल त्याला कोणी बोलले नव्हते. त्याला भीक नको होती. त्याला फक्त एक प्रश्न विचारायला कोणीतरी शिकवायला हवे होते.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, गावातील रुग्ण बाहेरगावी नेताना तुम्हीच बहुधा सोबत असता, कारण फॉर्म भरायला लिहिता-वाचता येणारा लागतो. तेव्हा एवढे करा. निघण्यापूर्वी उमरीच्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तो आजारपण येण्याआधीच घरात असला तर उत्तम. रुग्णालय धर्मादाय आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या यादीत पाहा. तेथे गेल्यावर समाजसेवा विभागात जाऊन निर्धन वा दुर्बल घटकाच्या खाटेची मागणी लेखी करा व पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा आणि त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करा. भांडण करण्याची गरज नाही. कागद शांतपणे पुढे करावा.

आणि आपल्या संस्थेविषयी दोन शब्द. आरोग्य शिबिर, रक्तदान, रुग्णाला मार्गदर्शन ही आपली कामे वर सांगितलेल्या शेवटच्या गटातील, म्हणजे साहाय्यक सेवेची. आपण रुग्णालय नव्हे आणि तसे भासवूही नये. परंतु दरवर्षीचे हिशेब तपासून घेणे, कार्यकारिणीतील बदल धर्मादाय कार्यालयास वेळेवर कळविणे आणि घटनेत वैद्यकीय साहाय्याचा उद्देश स्पष्ट लिहिलेला असणे, एवढे आपण पाळलेच पाहिजे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी रीतसर स्थापन केली, आणि त्यांच्या पश्चातही ती संस्था उभी राहिली. चळवळीचे काम टिकायचे तर त्याची नोंद नीट हवी.

'धर्मादाय' या शब्दात दयेचा सूर आहे, म्हणून आपल्या माणसांना ती खाट मागताना संकोच वाटतो. तो सोडला पाहिजे. ज्या खाटेसाठी समाजाने करात सूट दिली आहे, ती खाट गरिबाने मागणे हा त्याचा हक्क आहे. सभासदांनी येत्या वर्षी आपापल्या वस्तीतील किमान पाच घरांपर्यंत ही माहिती पोहोचवावी, अशी आमची विनंती आहे.