सिलिनियमच्या जागी सिलिकॉन

अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे १९५०च्या दशकातील ५४५ क्रमांकाचे दोलनदर्शक काही हौशी संग्राहक आजही चालवितात. त्यांत प्रत्यावर्ती प्रवाह एकाच दिशेस वळविण्याचे काम सिलिनियमचा लेप दिलेल्या पत्र्यांची चळत करीत असे. ही चळत म्हणजे एकदिशकारक. कालांतराने तिचा रोध वाढतो, मिळणारा दाब घटतो, चळत तापू लागते. ती जळाल्यास सुटणारा दुर्गंधी धूर विषारी असतो.

तिच्या जागी गव्हाच्या दाण्याएवढा सिलिकॉन डायोड बसतो. मात्र नवे ते निर्धोक, हा समज येथे फसवितो. चांगल्या स्थितीतील प्रत्येक पत्र्यावर सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. सेतुजोडणीत प्रवाह एका वेळी दोन भुजांतून जातो; प्रत्येक भुजेत ६ पत्रे असल्यास हा खर्च १२ व्होल्ट होतो. दोन सिलिकॉन डायोडांवर तो जेमतेम दीड. वाचलेले साडेदहा व्होल्ट पुढील जुन्या धारित्रांवर पडतात, आणि ती निकामी होऊ शकतात. म्हणून मालेत रोधक घालावा लागतो: प्रवाह ०.२ अँपिअर असेल, तर सुमारे ५० ओहमचा. त्यात २ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून तो ५ वॅट क्षमतेचा घ्यावा. हा हिशेब अर्थातच स्थूल आहे. अखेरचे मूल्य दाब मोजूनच ठरवावे.

उपकरण बंद केल्यावरही धारित्रांत शेकडो व्होल्टांचा दाब शिल्लक राहू शकतो. तो उतरविल्याखेरीज आत हात घालू नये.